पाठमोरा तास

“जे दार आतून उघडतं ती खोली, जे उघडत नाही ती पेटी,” असं गारकाका एकदा म्हणाले होते.

म्हणाले ते चित्रकलेच्या बाईंना, आणि आवाज चढवून. बाईंनी विचारलं होतं एवढंच, की या जुन्या फ्रिजच्या दारांचे खटके तुम्ही का काढून टाकता? दार लावताना काय भारदस्त आवाज येतो, अगदी तिजोरीसारखा! काकांचा चढलेला आवाज तोवर वसाहतीत कुणी ऐकला नव्हता. चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. त्यांची बायको सगळ्यांना सांगायची, “यांचं डोकं तापतच नाही हो. लग्न झाल्यापासून मी प्रयत्न करून थकले. आत गॅस भरलाय.” यावर काका हसायचे, तेही आवाज न करता.

अंगाने किरकोळ, खांदे पुढे आलेले. डाव्या हाताची दोन बोटं थंड गॅसने पोळून कायमची गुळगुळीत झाली होती. त्या बोटांना ठसे उरले नव्हते. कुठल्याही यंत्राला हात घालण्याआधी काका तीच दोन बोटं त्यावर टेकवायचे, डॉक्टर नाडी बघतात तशी. “डोळ्याला वरवरचं दिसतं,” ते म्हणायचे, “आत काय चाललंय ते बोटाला विचारावं.”

वसाहतीच्या सहा इमारतींच्या मधोमध एक पंपाची खोली होती. नवा पंप जमिनीखाली बसवला आणि ती रिकामी पडली. रिकाम्या जागेत घरातलं नको ते टाकायला लोकांना निमंत्रण लागत नाही. वर्षभरात तिथे पाय ठेवायला जागा राहिली नाही. निवृत्त झाल्यावर काका एक दिवस स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत शिरले ते दुपारी फिरता पंखा घेऊनच बाहेर आले. दुसऱ्या दिवशी शिवणआजी आल्या. तळमजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या या बाईंचं बोलणंही मशीनसारखं, एकदा सुरू झालं की दोरा तुटेपर्यंत थांबत नसे. त्यांनी मोडक्या छत्र्यांचं कापड उसवलं आणि त्याच्या पावसात न भिजणाऱ्या पिशव्या केल्या. मग शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई रंगाचे डबे घेऊन आल्या. वॉशिंग मशीनच्या ड्रमची बसायची स्टुलं झाली. खाटेच्या गजांवर कुणाच्या तरी गॅलरीत वेल चढला. ज्या वस्तू टाकल्या होत्या त्या परत घरोघर गेल्या, दुसऱ्या घरात, दुसऱ्या रूपात.

आणि पहिल्याच महिन्यात पडद्यांचं प्रकरण झालं. खोलीतून एका बाईंनी पडदे नेले. दोन दिवसांनी जिन्यात चार लोकांसमोर पडदे देणारीने त्यांना गाठलं. “अगं बाई, माझे पडदे तुमच्या खिडकीला काय शोभतात हो!” त्याच संध्याकाळी पडदे खोलीत परत आले. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून.

त्यातून पाठमोरा तास सुरू झाला. दर रविवारी अकरा ते बारा खोलीचं दार सताड उघडं ठेवायचं आणि दुरुस्ती करणाऱ्या तिघांनी बाहेरच्या बाकावर, खोलीकडे पाठ करून, चहा पीत बसायचं. मागे पावलं वाजायची, काहीतरी उचललं जायचं, पावलं निघून जायची. वळून बघायचं नाही. कुणी काय नेलं ते विचारायचं नाही. पुढे कुणाच्या घरी ती वस्तू दिसली तरी ओळख द्यायची नाही. हा नियम सगळ्यांत कडक पाळायचे ते काकाच. एकदा त्यांच्या बायकोने खोलीतून एक पातेलं आणलं, त्यातून त्यांना वाढलं, तरी हे गप्प. शेवटी ती चिडून म्हणाली, “अहो, त्याची नाही तर नाही, माझी तरी ओळख द्या!”

मागच्या वर्षी जवळचं एक जुनं वसतिगृह पाडायला घेतलं. तिथले बंद पडलेले अकरा फ्रिज वसाहतीत आले. सगळे एका वयाचे, जुन्या बनावटीचे. आताच्या फ्रिजच्या दाराला रबरात लोहचुंबक असतो. आतून ढकललं तर दार उघडतं. यांचं तसं नव्हतं. बाहेर जाड दांडी आणि दाराच्या कडेला लोखंडी खटका. दार लावलं की खटका चौकटीत बसायचा, खट्. मग बाहेरून दांडी ओढल्याशिवाय ते उघडत नसे. आतून पाहिलं तर तिथे नुसता पांढरा, गुळगुळीत पत्रा.

फ्रिज म्हणून त्यांचं आयुष्य संपलं होतं, पण कपाट म्हणून ते सोनं होते. उंदीर शिरत नाही, वाळवी लागत नाही, ओल येत नाही. पुस्तकं ठेवा, धान्य ठेवा, अंथरुणं ठेवा. काकांनी कामाची रीत ठरवली. आधी खटका काढायचा, मगच बाकीचं. खटक्याच्या जागी फुटक्या स्पीकरमधले लोहचुंबक बसवायचे, म्हणजे दार मिटून राहील पण आत मुंगी शिंकली तरी उघडेल. बाहेरची दांडी तशीच ठेवायची, ओढायला. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. म्हणून काम झालं की काका शिवणआजींच्या लाल खडूने दाराच्या आतल्या बाजूला एक फुली मारायचे. बाईंना सांगून ठेवलं होतं, “फुली असलेलेच रंगवायचे.”

या रीतीमागे काय होतं ते फक्त बायकोला माहीत होतं, आणि तेही त्यांनी एकदाच सांगितलं होतं. बावीस वर्षांचे असताना कारखान्याच्या मागच्या भंगारात त्यांना पाठवलं होतं, कुठल्याशा फ्रिजचा सुटा भाग काढून आणायला. उन्हाळा होता. ओळीने पडलेल्या फ्रिजमधल्या तिसऱ्याची दांडी त्यांनी ओढली. त्या रस्त्यावरची माणसं तेव्हा तीन दिवस एका मुलाला शोधत होती. काय दिसलं ते काकांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “दाराचं रबर कुरतडलेलं होतं. उंदरांनी नाही.” मग पाणी मागितलं आणि पेला हातात धरून बसले. त्यानंतर बायकोने विचारलं नाही.

अकरापैकी आठ झाले आणि काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू. दहा दिवस घरी, पट्टी, धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही. अकराव्या दिवशी काळा चष्मा लावून ते खोलीत आले तेव्हा अकराही फ्रिज रंगून भिंतीशी उभे होते. एकावर जिराफ, एकावर ढग, एकावर नुसती पानं. रंग चिकटू नये म्हणून दारं किलकिली ठेवलेली होती, काकांनी एकेकातून आत डोकावलं. प्रत्येकाच्या आत लाल फुली. तेव्हा त्यांच्या मनात आलं, म्हणजे अकराही केलेच होते तर मी. हल्ली अशा गोष्टी निसटतात. चष्मा कुठे, औषध घेतलं का, काल कोण आलं होतं. त्यात ही एक. डोळ्याच्या डॉक्टरांनी हात स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं, म्हणून ती दोन बोटं खिशातच राहिली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बोटाऐवजी डोळ्याला विचारलं, आणि तेही एकाच.

दोन रविवारांत अकराही फ्रिज गेले. काका पाठमोरे बसले होते. हातगाडीचं एक चाक कुरकुरायचं. ते कुरकुरणं कधी डावीकडे जायचं, कधी उजवीकडे, कधी फाटकाबाहेर. पुढे त्यांतला एक पाळणाघरात दिसला, कारण पाळणाघर सगळ्यांचंच होतं. बाकीचे दहा कुठे गेले ते कुणी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

महिनाभराने, एका बुधवारी दुपारी, काका खोलीत पंख्याचं पातं पुसत होते. बाई ब्रश धूत होत्या.

“काका, पुढच्या वेळी जरा पक्का खडू वापरा हो. तुमच्या फुल्या साबणाचा हात लागताच गेल्या.”

“कुठल्या फुल्या?”

“फ्रिजच्या. दारं ही अशी तेलकट, रंग धरेना. मग आतून-बाहेरून सगळी धुऊन काढली आणि नव्याने फुल्या मारल्या. तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर दुसरं काय केलं?”

काकांचा हात पात्यावर थांबला. “किती मारल्या?”

“किती म्हणजे? अकरा. रंगवायचे अकराच होते ना?”

“बाई,” काका अगदी हळू म्हणाले, “फुली म्हणजे काय?”

“फुली म्हणजे माझा. मी रंगवायचा. तुम्हीच नाही का सांगितलंत?” बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी काकांकडे पाहिलं. “काय झालं हो?”

काका फळीकडे गेले. तिथे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. काढलेले खटके ते त्यात टाकत. लोखंड कधी ना कधी उपयोगी पडतं. डबा त्यांनी टेबलावर उपडा केला. खटके एका बाजूला सारत मोजले. आठ. डबा झटकला, फळीच्या मागे हात घालून चाचपलं, पुन्हा मोजले. या वेळी डोळे मिटून, ती दोन बोटं एकेकावर टेकवत. आठ.

“तीन राहिलेत,” ते म्हणाले.

“कशाचे तीन?”

काकांनी एक खटका उचलून बाईंच्या तळहातावर ठेवला. ओला ब्रश बाईंच्या दुसऱ्या हातात होता. त्यातून निळं पाणी त्यांच्या पायावर टपटपत राहिलं. काका का ओरडले होते ते बाईंना आत्ता कळलं.

“तीन दारं आतून उघडत नाहीत,” बाई म्हणाल्या. “कुणाकडे गेलीत?”

त्याच वेळी शिवणआजी दारात आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप, धापा टाकत. “लवंगी इकडे आली का हो?”

लवंगी ही त्यांची नात. साडेचार वर्षांची, पण तिखटपणावरून वसाहतीने ठेवलेलं नाव.

“पाळणाघरात लपाछपी चालली होती म्हणे. बाकीची सगळी सापडली, हीच नाही. अर्धा तास झाला. ताई म्हणते, बाहेर गेलीच नाही, फाटक लावलेलं आहे. मग गेली कुठे पोर? भिंतीत शिरली?”

बाईंनी काकांकडे पाहिलं नाही. काकांनीही बाईंकडे पाहिलं नाही. अर्धा तास, एवढेच शब्द खोलीत राहिले.

पंपाच्या खोलीपासून पाळणाघर दीडशे पावलांवर. काका धावले, मागोमाग बाई आणि आजी. सत्तरीचा माणूस धावतो तेव्हा आधी त्याचा श्वास धावतो, पाय मागाहून येतात. वाटेत कुणीतरी हाक मारली, “अहो काका, कुठे आग लागली?” वाळत घातलेली एक चादर त्यांच्या तोंडावर आली, ती त्यांनी बाजूला केली. डोक्यात आकडे होते. एकशे पासष्ट लिटर. चाळीस वर्षं हा आकडा त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितला होता, अहो, चौघांच्या घराला पुरतो. आता तो हवेचा आकडा होता. त्यातून खेळणी वजा. फळ्या असतील तर फळ्या वजा. नसतील तर? फळ्या नसतील तर एक मूल गुडघे पोटाशी घेऊन नीट बसतं. हे त्यांना माहीत होतं. किती नीट बसतं, हे त्यांना माहीत होतं.

पाळणाघराच्या आतल्या खोलीत कोपऱ्यात तो उभा होता. पिवळा, त्यावर जिराफ. जिराफ मान वाकवून बघत होता. दार बंद. खोलीत सहा-सात मुलं भिंतीला टेकून उभी होती. मोठ्यांचे चेहरे पाहून ती कुजबुजतही नव्हती. पाळणाघरवाली ताई रडकुंडीला आलेली. “सगळीकडे बघितलं हो. बाथरूममध्ये, पलंगाखाली, गॅलरीत...”

“यात?” बाईंनी विचारलं.

“यात कशी असेल? दार तर लागलेलं आहे.”

काकांनी दांडीवर हात ठेवला, आणि हात तिथेच राहिला. दारावर कान ठेवला. आतून काही नाही. या पत्र्याच्या आत काचेची लोकर भरलेली असते, आवाज बाहेर येत नाही, हेही त्यांना माहीत होतं. ते वाकून रबराकडे बघू लागले. बाहेरून रबराची नुसती कड दिसते. ती धड होती. पण बाहेरची कड धडच राहते.

“काका, उघडा ना,” शिवणआजी म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांचं बोलणं मध्येच तुटलं आणि त्यांनी गळ्यातली टेप दोन्ही मुठींत घट्ट धरली.

जोवर दार बंद होतं तोवर आतलं काही झालेलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीला धरून काका उभे होते. बाविसाव्या वर्षी दांडी ओढताना त्यांना काही ठाऊक नव्हतं. ओढणं किती सोपं होतं तेव्हा.

त्यांनी दांडी ओढली.

खट्.

आत गाद्या होत्या. मुलांच्या दुपारच्या झोपेच्या पातळ गाद्या, घडी घालून वरपासून खालपर्यंत ठासून भरलेल्या. काकांनी त्या दोन्ही हातांनी बाहेर ओढल्या. एक, दोन, सात, नऊ. मागचा पत्रा दिसला. त्यावर हात फिरवला. कुणी नव्हतं.

काका तिथेच, गाद्यांच्या ढिगाशेजारी, खाली बसले.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. तिसऱ्या मजल्यावरची सून लवंगीला काखेत मारून आली. “ही बघा तुमची हरवलेली! आजींच्या शिलाई मशीनखाली, कापडांच्या ढिगात. मी ब्लाउज घ्यायला गेले, तर ढीग शिंकला!” फाटकाखालच्या फटीतून सरपटत ही बया घरी जाऊन लपली होती. आजींनी तिला एक धपाटा घातला, लगेच उराशी धरलं, आणि पुन्हा एक धपाटा घातला. लवंगी ओरडत होती, “मी जिंकले! मला कुणीच पकडलं नाही! मी जिंकले!”

बातमी वसाहतभर झाली होती. बघता बघता पाळणाघरात वीस-पंचवीस माणसं जमली. भीती गेली की लोकांना बोलायला फार सुचतं. “आजी, हिला आता टाका घालून ठेवा.” “अहो काका, तुम्ही किती पांढरेफटक पडलात! बाई, यांनाच एक हात मारा रंगाचा.” ताईंनी चहा टाकला. काका मात्र जमिनीवर बसून खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरने खटका काढत होते. स्क्रू घट्ट होते. चार वेळा स्क्रू ड्रायव्हर घसरला.

लवंगी त्यांच्यासमोर येऊन उकिडवी बसली. “मी आधी यातच बसणार होते.”

“मग?”

“गाद्या होत्या ना. दोन काढल्या. खूप जड होत्या. मग परत घातल्या.”

काकांनी खटका खिशात टाकला. भिंतीला धरून उठले. “ऐका,” ते म्हणाले. गलक्यात ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं. “ऐका जरा. असे आणखी दोन आहेत. मी खटका काढलेला नाही. मूल आत गेलं आणि दार लागलं तर ते आतून उघडणार नाही. कुणाकडे आहेत, सांगा.”

चहाचे पेले हातोहात जात होते ते थांबले.

“कुणाकडे फ्रिजचं कपाट आहे, एवढंच सांगा. मी येतो. पाच मिनिटांचं काम आहे.”

एकाने पेल्यात फुंकर घातली. एका बाईने मुलीला जवळ ओढून तिची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. दहा घरांत दहा कपाटं होती. त्यांतली निम्मी माणसं तरी या खोलीत असणार. काका एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले.

“आमच्याकडे नवीन आहे बुवा. दुकानातून घेतलेलं,” एकजण म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

“आम्ही खोलीतून कधी काही नेतच नाही.”

“माझ्याकडे असतं तर सांगितलं नसतं का?”

“काका, राग मानू नका,” मागून एक आवाज आला, “पण विचारायचं नाही हा नियम कुणाचा? तुमचाच ना?”

थोडा हशा पिकला. बाई पुढे आल्या. त्यांचे डोळे भरले होते. “चूक माझी आहे. फुल्या मी मारल्या. अहो, लेकरांचा प्रश्न आहे, लाज कसली धरता?” लाज हा शब्द त्यांनी उच्चारला आणि खोली आणखीच बंद झाली. ज्यांनी तोंड उघडलं असतं, त्यांनीही ते मिटलं.

मग कुणीतरी तोडगा काढला. “असं करू. रविवारी पाठमोरा तास आहेच. ज्यांच्याकडे असेल त्यांनी गुपचूप चिठ्ठी टाकायची. घर नंबर लिहायचा, बस. कुणी बघायला नको, कुणी विचारायला नको.”

“हां, हे बरं!”

“तोवर आपापल्या पोरांवर लक्ष ठेवा म्हणजे झालं.”

सगळ्यांना हायसं वाटलं. पेले पुन्हा फिरू लागले. मुलं गाद्यांच्या ढिगावर उड्या मारत होती. “चला रे, पुन्हा लपाछपी! राज्य कुणावर?” एकाने भिंतीकडे तोंड करून, डोळे झाकून, मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली. बाकीची पांगली. दोघंतिघं दारातून बाहेर, जिन्याकडे, कुणाच्या तरी उघड्या घराकडे धावली.

बुधवार होता. रविवारला चार दिवस होते.

“काका, साखर किती?” ताईंनी विचारलं.

काकांनी जमिनीवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. वाट अडवून उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. माणसं आपसूक बाजूला झाली. ताईंच्या हातातला पेला तसाच पुढे धरलेला राहिला. काका त्यांच्या शेजारून दाराबाहेर पडले आणि पहिल्या इमारतीच्या पहिल्या दाराकडे चालू लागले.